खो-खोचा तास: एकच कौशल्य घोटायचं की मिसळून द्यायचं?

पाचवी ते आठवीच्या मुलांना खो-खो शिकवायचा तर तासाची आखणी दोन तऱ्हांनी होते. पहिली आपल्या अंगवळणी पडलेली: आज सगळा तास फक्त खो देणं, पुढच्या तासाला दिशा घेणं, म्हणजे खो मिळाल्यावर पळायची बाजू धरणं, त्यानंतर खांबावरचं वळण. दुसऱ्या पद्धतीत ही तिन्ही कौशल्यं एकाच तासात आलटूनपालटून, मुलाला आधी न सांगता.

घोटून घेण्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. पन्नास मुलं, पस्तीस मिनिटं, एकच मैदान. रांगा लावल्या की सगळ्यांना संधी मिळते, चूक जागच्या जागी सुधारता येते आणि तास संपेपर्यंत बहुतेकांचं जमू लागतं. मिसळलेला तास त्यामानाने विस्कळीत वाटतो. चुका जास्त होतात, मुलं चिडतात आणि आपण काही शिकवलं की नाही, अशी शंका येते.

तरीही माझा कौल मिसळण्याकडे आहे, कारण तासाला जमलेलं पुढच्या आठवड्यात टिकतं का, हा खरा प्रश्न आहे. शे आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे होते; दहा दिवसांनी मात्र मिसळून सराव केलेल्यांना ती जास्त लक्षात होती. 1986 मध्ये गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस विद्यार्थिनींना शिकवल्या, तेव्हाही मिसळून शिकलेल्या मुली नंतरच्या चाचणीत सरस ठरल्या. शाळेच्या मैदानावर, त्यातही लहान मुलांत, हा फरक प्रयोगशाळेइतका मोठा दिसत नाही, हेही लक्षात ठेवावं.

खो-खोत यामागचं कारण जवळून पाहता येतं. रांगेतल्या सरावात पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या ओळीत, बसलेल्या मुलाला माहीत असतं की आता आपल्यालाच खो मिळणार. तो पाठीवर हात पडेपर्यंत निवांत बसतो आणि बरोबर उठतो. सामन्यात तोच मुलगा समोरून पळणारा गडी पाहून खो मिळण्याआधीच उठतो, आणि फाऊल होतो. खो देणाऱ्याचंही तसंच. हात लावणं आणि ‘खो’ म्हणणं त्याला येतं. पण कुणाला द्यायचा, की खांबापर्यंत स्वतःच पळायचं, हा निर्णय रांगेत त्याच्या वाट्याला कधी आलेलाच नसतो.

सूर मारण्याला मात्र हे लागू नाही. जानेवारी 2025 च्या दिल्लीतल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि ते सूर पाहिलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी तसंच झेपावायचं असतं. छाती, हनुवटी, मनगट यांची काळजी घ्यायची तर सूर गादीवर किंवा मऊ मातीत, सुटा, पुन्हा पुन्हा घोटूनच शिकवावा. त्यात घाई नको. तिसरी-चौथीच्या अगदी नवख्या मुलांनाही आधी हालचालीचा साचा बसू द्यावा. दहा-बारा वेळा सलग करून ती ओळखीची झाली की मिसळायला सुरुवात.

दोन संघ पाडून सरळ खेळायला सोडणं हा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. त्यात चपळ चार-पाच जण खेळतात आणि बाकीचे पाटीवर बसून राहतात. शिकवणं म्हणून मला तो पटत नाही.

मिसळलेल्या सरावाची खरी अडचण मुलांच्या खोळंब्याची आहे. पूर्ण पाटी मांडली तर एका बाजूचे नऊच मैदानात, बाकी वर्ग काठावर. म्हणून चार जणांच्या छोट्या पाट्या पाडाव्यात, खांबाऐवजी दोन्ही टोकांना कोन ठेवावेत आणि प्रत्येक पाटीला एकच धावक द्यावा. धावकाला कुठे वळायचं ते त्याचं त्याने ठरवू द्यावं, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला दर वेळी नवा विचार करावा लागतो. दोन मिनिटांनी धावक बदलावा. चारही जण सतत गुंतलेले राहतात आणि चाळीस-पन्नासांचा वर्ग सामावतो.

तालुक्याची स्पर्धा तोंडावर असेल तर संघातल्या मुलांना आता रांगेत उभं करण्यात वेळ घालवू नये. नव्या वर्गाला मात्र पहिले दोन तास घोटून, मग मिसळून घ्यावं. आणि कोणतीही पद्धत निवडली तरी परीक्षा त्याच तासाच्या शेवटी घेऊ नका. पुढच्या आठवड्यात, सराव सुरू करण्याआधी पाच मिनिटं छोट्या पाटीवर खेळवा आणि किती मुलं खो मिळण्याआधी उठतात तेवढं मोजा.