काळ्या फडक्यावरची पांढरी पूड

लेक तेव्हा पाच महिन्यांची होती. गालांवर आणि कोपराच्या घडीत एक्झिमा, म्हणजे खाज सुटणारे कोरडे चट्टे, शिवाय तिच्या बाबांना लहानपणापासून दमा. आदली अख्खी रात्र ती अंग खाजवत रडली होती. सकाळी दारात आलेला माणूस "गादी फुकट तपासून देतो" म्हणाला आणि मी त्याला आत घेतलं.

त्याने व्हॅक्यूमच्या नळीत काळं फडकं अडकवलं, दोन-तीन मिनिटं गादीवर फिरवलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. त्यावर पांढरी पूड होती. "हे सगळे माइट, ताई. तुमचं बाळ यांच्यावर झोपतंय." माइट म्हणजे घरातल्या धुळीत राहणारा सूक्ष्म जीव, असं सांगून त्याने मोबाइलवर आठ पायांचा वळवळणारा जीव दाखवला. मला तिथेच रडू फुटलं. तासाभरात मी गादीचं आणि पाळण्याचं 'अँटी-माइट' कव्हर आणि दर महिन्याला मारायचा स्प्रे घेतला. पावतीवर त्याने चक्क 'दम्यापासून संरक्षणाची हमी' असं लिहून दिलं. ओळखीत आणखी कुठे तान्ही बाळं आहेत, हेही विचारलं. मी दोन घरं सांगितली.

कव्हर धुवायचं नाही, कोटिंग जाईल, असं त्याने बजावलं होतं. स्प्रे असताना चादरी गरम पाण्यात धुण्याची गरज नाही, असंही म्हणाला. मी ते ऐकलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांत खाज कमी झाली नाहीच, रात्री नाकही चोंदायला लागलं. ऍलर्जीच्या डॉक्टरांना मी पावती दाखवली, फडक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी समजावलं: माइट जेमतेम 0.3 मिलिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. फडक्यावरची पूड म्हणजे मुख्यतः आपल्याच त्वचेचा कोंडा, तंतू आणि धूळ. वापरातल्या कुठल्याही गादीतून ती निघते. माइट चावत नाही. तो हा कोंडा खातो, ओलावा हवेतून घेतो आणि ऍलर्जी होते ती प्रामुख्याने त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. म्हणजे स्प्रेने माइट मेला तरी विष्ठा गादीतच राहते! शिवाय बाळाला माइटचीच ऍलर्जी आहे का, हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीशिवाय कुणी सांगू शकत नाही.

खरी खोळ गादीला सगळ्या बाजूंनी बंद करते, तिला चेन असते. विष्ठेचे कण साधारण 10 ते 40 मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून वीण त्याहून घट्ट लागते. माझं कव्हर म्हणजे खालून उघडी, इलॅस्टिकची चादर होती. छिद्र किती मायक्रॉनचं, असं फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "ताई, माल इम्पोर्टेड आहे."

डॉक्टर सर्वात जास्त चिडले ते पाळण्याच्या कव्हरवर. ते सैल, प्लास्टिकसारखं होतं आणि त्याला चुण्या पडायच्या. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाशी असं काही आलं तर जीव गुदमरू शकतो. मी ते त्याच दिवशी काढून टाकलं.

आता चादरी आणि दुपटी दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुते. थंड पाण्यात ऍलर्जन, म्हणजे ऍलर्जी करणारी ती प्रथिनं, बरंच निघतं, पण बहुतेक माइट जिवंत राहतात. खोलीतला दमटपणा 50 टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात उशी किंवा मऊ खेळणी ठेवायचीच नसतात, त्यामुळे तीही गेली. एक्झिमासाठी खरा फरक पडला तो डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने आणि दिवसातून दोनदा, न चुकता मॉइश्चरायझर लावल्याने. उत्तम खोळ घातली तरी पुढे दमा होणारच नाही, असं कोणताही प्रामाणिक डॉक्टर लिहून देणार नाही. यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. मी सांगितलेल्या दोन्ही घरी फोन केला. तो दोन्हीकडे माझं नाव सांगून आधीच जाऊन आला होता.