वर्गात सोबत बसावं, की दारातूनच निरोप घ्यावा?

मूल पहिल्यांदा शाळेत जाणार असलं, की दप्तर, पाण्याची बाटली, कपड्यांवर नाव घालणं ही कामं यादी करून उरकता येतात. अडतं ते शाळेच्या दारात. मुलाचा हात कधी सोडायचा? काही शाळा पहिले काही दिवस आईबाबांना वर्गात बसू देतात, काही पहिल्याच दिवशी दारातून निरोप घ्यायला सांगतात. जिथे दोन्हीची मुभा असते, तिथे आपण गोंधळतो. थोरलीच्या वेळी मी वर्गात बसले, धाकट्याला दारातच सोडलं. दोन्ही निर्णय आज तसेच घेईन, कारण मुलं दोन प्रकारची होती.

सोबत बसण्याचा सगळ्यात नीट आखलेला नमुना म्हणजे जर्मनीत १९८० च्या दशकात तयार झालेली 'बर्लिन पद्धत'. ती पाळणाघरातल्या लहानग्यांसाठी होती, पण शाळेलाही तिच्यातून बरंच घेता येतं. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर साधारण तासभर खोलीत बसतात. या दिवसांत त्याला सोडून जाऊन पाहायचंच नाही. बसणाऱ्यानं खेळात शिरायचं नाही, मुलाला पुढे ढकलायचंही नाही. एका कडेला बसून राहायचं, आणि मूल जवळ आलं तर त्याला घ्यायचं. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. त्या वेळात पाहायचं ते एवढंच, की रडलेलं मूल बाईंकडून शांत होतं का. होत असेल तर रोज वेळ वाढवायची, नसेल तर आणखी काही दिवस सोबत.

ही कसोटी मला फार मोलाची वाटते. मूल रडलं की नाही हे आपण मोजत बसतो. पण आईपासून दूर होताना रडणं स्वाभाविकच आहे. समजूत काढणारं दुसरं माणूस त्याला सापडलं का, हे बघायला हवं.

सोबत बसण्यात तोटेही आहेत. कामावरून सुट्टी काढावी लागते. आपण तिथे असेपर्यंत काही मुलं बाईंकडे वळतच नाहीत. माझी मुलगी पहिले दोन दिवस माझा पदर सोडायला तयार नव्हती. आणि बाहेर पडण्याचा क्षण टळत नाही, फक्त पुढे जातो.

दारातला निरोप त्या मानानं सरळ. आजीआजोबांकडे, शेजारी किंवा पाळणाघरात आधी राहिलेल्या मुलाला हा मार्ग बहुधा सोपा जातो, कारण गेलेलं माणूस परत येतं हे त्यानं अनुभवलेलं असतं. निरोप मात्र रोज सारखा आणि छोटा हवा. एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, मग मागे न वळता चालू लागायचं. दारात रेंगाळणारी आई पाहिली की मुलाला वाटतं, इथे घाबरण्यासारखं काहीतरी नक्कीच आहे. 'बारा वाजता येते' यातून त्याला काहीच कळत नाही. 'डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी दारात' हे कळतं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटंही उशीर करू नका.

या मार्गाची भिस्त शाळेवर असते, म्हणून आधीच विचारून ठेवा : रडणाऱ्या मुलाला कोण जवळ घेतं? रोज तीच व्यक्ती असते का? मूल शांत झालंच नाही, तर आम्हाला किती वेळात कळवाल? उत्तरं मोघम मिळाली, तर मी सोबत बसण्याची परवानगी मागेन.

खेळात रमलेल्या मुलाला न सांगता सटकणं, हा तिसरा मार्ग मी धरतच नाही. मग आई कधीही नाहीशी होऊ शकते या भीतीनं मूल घरातही पाठ सोडत नाही.

वयाचाही विचार करा. ताटातुटीची भीती साधारण आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांमध्ये ओसरू लागते. अडीच वर्षांचं मूल कधीच कोणाकडे राहिलेलं नसेल, तर मी डोळे मिटून सोबत बसेन. चार वर्षांच्या बोलक्या मुलाला दारातून सोडेन, पण त्याआधी त्याला दोन-तीन वेळा ओळखीच्या माणसाकडे तासभर ठेवून पाहीन.

झोप मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास मिळायला हवेत. उशिरा झोपायची सवय असेल, तर दोन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. 'शू लागली' हे बाईंना सांगायचा आणि स्वतःचा डबा उघडायचा सरावही घरी होऊ द्या.

निवडलेला मार्ग चुकला असं वाटलं, तर बाईंशी बोलून बदला. मात्र दुसऱ्या आठवड्यात किंवा मोठ्या सुट्टीनंतर रडणं परत आलं, तर लगेच वर्गात जाऊन बसू नका. मिठी तीच, वाक्य तेच, आणि बाईंना त्या दिवशी थोडं लवकर दारापर्यंत यायला सांगा.