गंगापूर रोडचा साशिको स्टुडिओ: जॅकेट करून घ्या, दुपट्टा राहू द्या

माझं जीन्सचं जॅकेट कोपरावर विरलं होतं. रफू करून मिळालं असतं पण मला फाटलेलं लपवायचं नव्हतं, म्हणून नाशिकमध्ये गंगापूर रोडला एक छोटा स्टुडिओ आहे जिथे जपानी पद्धतीने ठिगळं, भरतकाम, रंगाई करून कपडे डिझाइन करून देतात तिथे टाकलं. २८०० रुपये. आई म्हणाली एवढ्यात मेनरोडवर दोन नवी येतील. येतीलही.

पण काम बघा हो! साशिको म्हणजे मुळात धावदोराच, आपल्या गोधडीला असतो तसा, निळ्या कापडावर पांढरा जाड सुती दोरा. उत्तर जपानात थंडी कडक आणि सुती कापड महाग, म्हणून शेतकरी बायका जुनेराचे थर जोडून शिवायच्या, त्यातून ही नक्षी आली. माझ्या कोपरावर आसानोहा काढलीय, सहा टोकांची चांदणी, आणि जिथे सगळ्या रेघा मध्यात येतात तिथे टाके एकमेकांवर चढवलेले नाहीत, बारीकशी जागा मोकळी सोडलीय. आतून बघितलं तर प्रत्येक वळणावर दोरा जरा सैल ठेवलाय, म्हणून धुतल्यावरही कापड आवळून चुण्या पडल्या नाहीत. मशीनवर हे होत नाही.

मी आजीच्या येवल्याच्या पैठणीचा काठ नेला होता, हाच ठिगळ म्हणून लावा म्हटलं तर स्टुडिओतल्या ताईंनी चक्क नाही सांगितलं. जुनं रेशीम, त्यात जर, त्यावर दाट टाके घातले तर चिरणार आणि कोपर तर दिवसभर टेबलावर घासणार. मग कोपराला बाबांच्या जुन्या लुंगीचं चेक्सचं कापड लावलं आणि काठ कॉलरच्या आतल्या बाजूला. गिऱ्हाईक म्हणेल ते लावून मोकळं होणारे खूप असतात, इथे तसं नाही, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

आता त्यांच्याकडचाच दुपट्टा. शिबोरीचा, म्हणजे जपानी बांधणीचा, त्यातही इताजिमे, म्हणजे घड्या घालून दोन्हीकडून फळ्या आवळून रंगवतात तो. दिसायला लाजवाब, पण पहिल्याच दिवशी पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर निळा पट्टा! नीळ, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळत नाही, कुंडातून कापड हिरवट निघतं आणि हवा लागली की निळं होतं, म्हणून थोडा थोडा वेळ बऱ्याचदा बुडवायचं, मधे हवा द्यायची आणि शेवटी खळखळून धुवायचं. यांनी घाई केलेली दिसते. विचारलं तर "नीळ थोडी जातेच ताई". थोडी जाते मान्य, पण १६०० रुपये देऊन कुर्ताही घालवायचा का?

काउंटरवरचे पाऊच घेऊ नका, त्यावर साशिको नुसती छापलेली आहे, विचारल्यावर ते स्वतःच सांगतात. आणि दिवाळीत घालायचं असेल तर गणपतीच्या आधी द्या, सांगितलेल्या तारखेला काहीही मिळत नाही आणि फोन तर कोणी उचलतच नाही.