शिराझचा गालिचा: दाखवला एक, बांधून दिला दुसरा

1,400 डॉलर. आपल्या पैशात 1,17,600 रुपये, वर विमानतळावर ड्युटी 26,026, म्हणजे एकूण 1,43,626 रुपये मोजून मी इराणच्या शिराझहून, हाताने विणलेला लोकरीचा गालिचा समजून, पुण्याला अ‍ॅक्रिलिकचं (म्हणजे कृत्रिम धाग्याचं) मशीनमेड कार्पेट आणलंय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

आधीच सांगतो, मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. 2024 च्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा भारतीयांना विमानाने 15 दिवस बिनव्हिसा जाता यायचं, आणि निघायच्या आधी मी कश्काई गालिच्यांचा विषय चावून चोथा केला होता. कश्काई म्हणजे फार्स प्रांतातले (शिराझ त्यातलंच) भटके मेंढपाळ, त्यांच्या बायका जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर गालिचे विणतात, ताणाही (उभा धागा) लोकरीचा आणि बाणाही (आडवा धागा) लोकरीचा (शहरी इराणी गालिच्यात ताणा बहुतेक सुती असतो), फार्सच्या या विणकामाला 2010 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, सगळं पाठ.

आणि दुकानात दुकानदाराने उलगडला तो गालिचा खरा होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. उलटा करून पाहिला, मागे नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट, गाठी किंचित वेड्यावाकड्या. झालर म्हणजे आतला ताणाच बाहेर आलेला, वरून शिवलेली नाही. वरच्या अंगाला निळ्याचा एक पट्टा फिका होता, कारण लोकर थोडी थोडी रंगवतात आणि दोन घाण्यांचा रंग कधीच तंतोतंत जुळत नाही, त्याला अबराश म्हणतात. ओला पांढरा रुमाल घासला, रंग लागला नाही. एक धागा मागून घेऊन लायटरवर धरला तर केस जळल्यासारखा वास आणि बोटांनी चुरगळणारी राख. अजून काय करायचं माणसाने, सांगा ना!

मग चहा आला. "विमानात न्यायचाय ना, नीट बांधून देतो" म्हणत दुकानातला पोरगा गालिचा घेऊन मागच्या खोलीत गेला. तिथे. तिथेच सगळं झालं. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, इथेच बांधायला काय झालं?" आणि मी तिला गप्प केलं, की अगं सुई-दोरा आत असेल. जाताना तो गालिचा पोराच्या खांद्यावरून पुढे-मागे लोंबत होता, जुनी लोकर अशीच मऊ पडते, आणि बाहेर आलं ते गाठोडं चारी बाजूंनी शिवलेलं, ताठ, दाबलं तर दबत नव्हतं. मी हाताने दाबून बघितलं हो! दाबलं आणि म्हटलं, वा, काय घट्ट बांधलंय. आता रात्री जाग आली की तेच आठवतं.

इराणमध्ये आपली बँकेची कार्डं चालत नाहीत, सगळं रोख. म्हणजे पैसे गेले की गेले, बँकेकडे दाद मागायची सोयच नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

विमानतळावर मी शहाण्यासारखी पावती दाखवली. तेव्हा माणशी 50,000 माफ होते आणि वरच्या रकमेवर 38.5 टक्के. बायकोचे 50,000 धरा म्हटलं तर दोघांचं एकत्र करता येत नाही. गाठोडं उघडून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, उघडलं असतं तर निदान 26,026 वाचले असते. नंतर रिफंडचा अर्ज केला तर उत्तर आलं, ड्युटी पावतीवरच्या किमतीवर आहे आणि पावती तुम्हीच दिलीत. खऱ्याला हे बक्षीस.

घरी उघडलं तर नक्षी साधारण तीच, पण फिका पट्टा गायब, निळा सगळीकडे सारखा, झालर मशीनने शिवलेली. वरवर सारखे दिसणारे असे जोड, एक खरा आणि एक नकली, ते तयारच ठेवत असणार. धागा जाळला तर वितळून काळा कडक मणी झाला. तरी मनाची समजूत म्हणून गालिचे धुणाऱ्या भदोहीच्या (उत्तर प्रदेशातलं गालिच्यांचं गाव) कारागिराला दाखवलं, कसर लागू नये म्हणून काय करू विचारलं, तर तो म्हणतो, "साहब, इसमें कीड़ा नहीं लगेगा, प्लास्टिक कौन खाएगा!"

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, गुन्हा कुठे घडला? इराणमध्ये. मग इराणमध्ये तक्रार करा. फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले फारसी पावतीचं मराठी भाषांतर करून आणा, ते पदरचे 1,500 घालून आणलं, तर त्यात काय, "फर्श (म्हणजे गालिचा), एक नग". साहेब म्हणाले, मग एक नग मिळाला ना? परदेशातल्या आपल्या एका सरकारी कचेरीला मेल केला, तिथून स्थानिक यंत्रणेकडे जा असं दोन ओळींचं उत्तर. दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर अजून म्हणतो, भाऊ, हाच तो गालिचा. माझ्याकडे फोटो फक्त समोरून, लांबून.

म्हणून फोटो मागच्या बाजूचे घ्या, कोपऱ्यातल्या गाठी मोजता येतील इतक्या जवळून. पावतीवर दस्तबाफ (म्हणजे हाताने विणलेला), लोकर, माप आणि कुठला विणलाय ते लिहून घ्या. खरा गालिचा ज्यांच्याकडे आहे त्यांनी घडी घालू नका, गुंडाळा, सहा महिन्यांनी दिशा बदला, सोफ्याखालच्या अंधारात कसर आधी लागते तिथे उलटून व्हॅक्यूम करा, झालरीवर मात्र व्हॅक्यूम नको. आणि कोणी शिराझला निघालं असेल तर अर्धेच पैसे द्या, गालिचा उघडाच खांद्यावर टाकून हॉटेलवर न्या, दुकानातल्या पोराला सोबत घ्या, तिथे परत उलटा करून बघा आणि मगच उरलेले त्याच्या हातावर ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.