मोल्काहेते: ग्वाकामोलेचा दगडी खल घ्यावा का?

मेक्सिकोत ग्वाकामोले म्हणजे रोजचं तोंडीलावणं. गरम तोर्तियावर (मक्याच्या पातळ पोळीवर) किंवा टाकोवर (सारण भरून दुमडलेल्या तोर्तियावर) चमचाभर घालायचं, आपण भाकरीवर ठेचा घेतो तसं. नाव मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतलं: 'आवाकात्ल' म्हणजे ॲव्होकाडो आणि 'मोल्ली' म्हणजे वाटण. हे वाटण ज्यात होतं तो तीन पायांचा दगडी खल म्हणजे मोल्काहेते, आणि त्याचा बुटका बत्ता म्हणजे तेहोलोते. अमेरिकेतल्या मेक्सिकन किराणा दुकानांत हा खल सहज मिळतो. इथे बोलतोय ते ८ इंची मापाबद्दल.

दगड आपल्या ओळखीचाच आहे: बेसाल्ट, सह्याद्रीचा काळा पत्थर. फरक आहे तो पोतात. पाटा घट्ट दगडाचा, म्हणून गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावा लागतो. मोल्काहेतेच्या दगडात लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. वरचा थर झिजला की खालची भोकं उघडी पडतात आणि खरखर टिकून राहते. पण त्याच भोकांत लसणाचा वास मुरतो आणि साबणही. म्हणून साबण कधीच नाही. ताठ ब्रश, गरम पाणी, मग उन्हात पालथा.

बाजारात सिमेंटमध्ये खडी ओतून केलेले नकली खलही फिरतात. घेताना बत्ता आतून कोरडाच जोरात घासा. अस्सल दगडातही पहिल्यांदा करडी भुकटी निघते, पण लवकर कमी होते. सिमेंटची भुकटी निघतच राहते. भोकं सगळीकडे अगदी एकसारखी दिसली किंवा साच्याची कड दिसली, तर परत ठेवा.

नवा खल 'चालता' करायला एक दुपार जाते. मूठभर भिजवलेले तांदूळ रगडायचे. पीठ करडं निघेल, ते फेकून पुन्हा नवे तांदूळ. पीठ पांढरं निघेपर्यंत, म्हणजे बहुतेक चार-पाच वेळा. मग लसणाच्या चार पाकळ्या, चमचाभर जिरे आणि जाडं मीठ वाटून आतून सगळीकडे चोळायचं आणि धुऊन टाकायचं. हे टाळलं तर ग्वाकामोलेत कचकच लागणारच.

वापरताना खलबत्त्याची सवय विसरावी लागते. इथे कुटायचं नाही, दाबून ओढायचं. ठोके दिले तर खलाचा पाय तुटू शकतो. आधी २ मोठे चमचे चिरलेला पांढरा कांदा, १-२ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि अर्धा चमचा जाडं मीठ यांचा ओलसर गोळा करा. चव इथेच ठरते, कारण कांदा-मिरचीचा रस मिठाबरोबर सुटतो. सुरीने चिरून तो तितका सुटत नाही. मग ३ पिकलेले हास (खडबडीत, काळपट सालीचे) ॲव्होकाडो घालून जाडसर दाबा, गुठळ्या राहू द्या. टोमॅटो शेवटी, बिया काढून. लिंबू थोडंच, जास्त झालं तर ॲव्होकाडोचा स्निग्धपणा हरवतो. दक्षिण भारतातून येणारी मोठी, हिरव्या सालीची फळं पाणचट असतात. त्यांत टोमॅटो नकोच.

खल तसाच ताटांमध्ये ठेवता येतो, ही त्याची खरी मजा. उरलेलं मात्र त्यात ठेवू नका. काचेच्या वाटीत काढून वर प्लास्टिकचा कागद अगदी चिकटवून लावा, कारण हवा लागली की काळं पडतं. आत कोय खुपसून ठेवण्याने फक्त कोयीखालचा भाग हिरवा राहतो.

आठवड्यातून दोनदा साल्सा (मेक्सिकन चटणी) किंवा ग्वाकामोले होणार असेल तर घ्यावा. ६ इंचीच्या नादी लागू नये, एका ॲव्होकाडोतच तो भरतो. घरात पाटा-वरवंटा असेल तर मात्र घाई नको: कांदा-मिरची-मीठ पाट्यावर वाटा, ॲव्होकाडो वाडग्यात काट्याने दाबा. चवीत फरक शोधावा लागेल.