गिझर फिटिंग, राजारामपुरी (कोल्हापूर) : कामाला पाचातले साडेचार, वेळेला एक

उद्यमनगरात ३८ वर्षं लेथवर काढली. त्यामुळं घरात प्लंबर आला की माझी नजर आधी त्याच्या पान्यावर जाते, मग तोंडावर. पाना घसरता असेल तर चहा पाजून परत पाठवायचा, असा माझा नेम.

जुना १५ लिटरचा गिझर खालच्या जोडातून पाझरायला लागला, भिंतीवर गंजाचा ओघळ उतरला. नवा आणला. त्याचं मोफत फिटिंग चार दिवसांनी होणार होतं आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी. आमच्या हिला गार पाण्याची अंघोळ झेपत नाही. म्हणून लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात कनेक्शन पाईप घ्यायला गेलो, तर दुकानदारानंच एक पोरगा सांगितला. वेळ दिली ११ ची, आला पावणेपाचला. एक स्टार आहे तो याचाच.

आल्या आल्या मात्र त्यानं बोर्डावरचा एमसीबी (करंट तोडणारा खटका) पाडला, प्लग काढून बाजूला ठेवला, मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून गरम पाण्याचा नळ सोडून दिला. जुना गिझर उतरवताना त्याचा हात सेफ्टी व्हॉल्व्हवर (आतला दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा) थांबला.

"काका, ही टोपी कुणी बसवलीय वो?"

मी बसवली होती. सहा वर्षांपूर्वी. तो व्हॉल्व्ह रोज सकाळी ठिबकायचा, म्हणून त्याच्या तोटीवर घट्ट बसेल अशी पितळी टोपी लेथवर काढली, आत रबर, वरून क्लिप. एक थेंब बाहेर येत नव्हता. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान होता.

माझा हिशेब असा होता : गच्चीवरची टाकी गिझरच्या वर साडेचार मीटर. १० मीटर पाण्याच्या उभारीला १ बार (आमच्या भाषेत एक किलो प्रेशर), म्हणजे इथं अर्धा किलोसुद्धा प्रेशर नाही. व्हॉल्व्हवर लिहिलंय ८ बार, म्हणजे तेवढ्या दाबाला उघडणारा. अर्ध्या किलोला गळतो म्हणजे माल फालतू. हे मी त्याला जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"टाकीचं प्रेशर नव्हं काका," तो म्हणाला, "ह्याच व्हॉल्व्हात उलटं पाणी अडवायची झडप हाय. गरम झाल्यावर पाणी फुगतंय. नळ बंद, मागं झडप. फुगल्यालं पाणी जाणार कुठं?"

मी गप्प. हायड्रॉलिक प्रेसशेजारी उभं राहून आयुष्य गेलं आणि हे डोक्यात आलं नव्हतं. पाणी दाबलं जात नाही, हे तर आम्ही नवीन पोरांना शिकवायचो. नंतर कागद घेऊन बसलो. २५ अंशांचं पाणी ७५ वर नेलं की दोन-सव्वादोन टक्के वाढतं. १५ लिटरला साधारण तिसरा हिस्सा लिटर, म्हणजे एक फुलपात्र भरून. तेवढं बाहेर पडलं नाही तर ते गिझरच्या आतल्या टाकीच्या पत्र्यालाच ढकलणार. माझ्या टोपीनं सहा वर्षं तेच केलं. थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की करंट तोडणारा) आणि कटआउट (तो चुकला तर तोडणारा) नीट चालत होते म्हणून पाझरण्यावर निभावलं. त्यानं टोपी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "काम मात्र झकास हाय."

आता जोडणी. यात मी त्याची परीक्षाच घेत होतो. अर्धा इंची म्हणतो त्या पाईपच्या आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, इंचाला १४ आटे. मोजमाप मला पाठ आहे. भिंतीतल्या निपलला (आट्यांच्या छोट्या नळीला) त्यानं टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं, ताणून गुंडाळली, पहिला आटा मोकळा सोडला. कनेक्शन पाईपच्या नटाला मात्र टेप लावलीच नाही. बरोबर आहे, तिथं पाणी आटा अडवत नाही, वॉशर अडवतो. हातानं बसेल तितका नट फिरवला, मग पान्यानं पाव फेरा. दुसऱ्या पान्यानं गिझरचा निपल धरून ठेवलेला. बहुतेक जण इथंच जोर दाखवतात आणि वॉशर चिरतात. निळ्या रिंगेला गार, लाल रिंगेला गरम हे त्यानं बोट ठेवून मलाही दाखवलं. उलटं जोडलं तर गार पाणी वरच्या गरम पाण्यात शिरतं आणि दोन बादल्यांची अंघोळ एकीवर येते.

गरम लाइनीचा एक एल्बो (वळणाचा जोड) साध्या पांढऱ्या पीव्हीसीचा निघाला. घर बांधताना कुणीतरी लावलेला, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा वाकलेला. त्यानं तेवढा तुकडा कापून सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) टाकला, त्याचं चिकटवायचं सोल्युशनही वेगळं वापरलं आणि रात्रभर पाणी सोडायचं नाही म्हणून बजावलं. म्हणजे संकष्टीची अंघोळ शेवटी गॅसवर तापवलेल्या पाण्यानंच झाली. हिचा स्टार वेगळा असता.

सकाळी साडेआठला (या वेळी वेळेवर) परत आला. आधी पाणी सोडलं, गरम नळ उघडा ठेवला. फुसफुसत हवा गेली, धार एकसारखी झाली, मग बटण. गिझर रिकामा असताना बटण दाबलं तर कॉइल जळते, हे तरी मला माहीत होतं. सेफ्टी व्हॉल्व्हला पातळ नळी लावून खाली मोरीच्या जाळीपर्यंत आणलीय, टोक उघडं. प्लग १६ अँपिअरचा आहे ना, अर्थिंग येतंय ना, हेही टेस्ट लॅम्प लावून पाहिलं.

मजुरी ७०० घेतली, दोन खेपांची. सामानाचं बिल दुकानाचं, मजुरीचं बिल मागूनही मिळालं नाही. पाईपचे तुकडे मीच गोळा केले; कामाच्या पाचातला राहिलेला अर्धा स्टार तिथं गेला. नंबर दुकानातून मिळेल, पण त्याला सकाळी दहाच्या आत फोन करा, नंतर तो कुठल्यातरी गच्चीवर असतो.

सहा महिन्यांनी व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी येतंय का बघायला सांगितलंय. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.