गुणिले बारा न करणारं सेवा केंद्र

पाचापैकी चार तारे. एक का कापला ते खाली सांगते. पण चार का दिले हे सांगायला जरा जागा लागेल, कारण 'काम झालं, सर्व्हिस छान' एवढ्यात हे मावणारं नाही.

मी पुण्यात पर्वती पायथ्याला राहते. दोन घरी पोळ्याभाजी करते; एकीकडे २,००० मिळतात, दुसरीकडे १,८००. शिवाय एका खासगी रुग्णालयात ठेकेदाराकडून साफसफाईला जाते, आठवड्याचे तीन दिवस, ४५० रुपये रोज. मिस्टर नाहीत. घरात सासूबाई आणि दोन मुलं. धाकटीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून पहिलीत घालायचं आहे. आम्ही खुल्या वर्गातले, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला हवाच, आणि तोही वर्षाला एक लाखाच्या आतला.

आधी दुसऱ्या एका केंद्रात गेले होते. तिथल्या मुलाने मान वर न करता 'व्यवसाय'पुढे गृहिणी लिहिलं आणि उत्पन्न ६०,०००. म्हणाला, "सगळ्यांचं तेवढंच टाकतो, पास होतं." मी म्हटलं, अरे बाबा, माझा रुग्णालयाचा पगार बँकेत येतो, त्यातून ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) कापतात, हे सगळं कुठे ना कुठे दिसतंच ना. तर त्याने फोनवर आकडे मारले. घरांचे ३,८००, रुग्णालयाचे महिन्याला साधारण ५,८५०, एकूण ९,६५०. गुणिले बारा, १,१५,८००. "मग तुम्ही बसत नाही." म्हणजे एक तर खोटं लिहा, नाहीतर घरी जा. दाखला खोटा निघाला तर प्रवेश माझ्या पोरीचा रद्द होणार, त्याचं काय जाणार आहे? कागद गोळा केले आणि निघाले.

मग या केंद्रात आले. दिसायला काही नाही. पुढे झेरॉक्स आणि लॅमिनेशन, मागे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक बाक. टेबलावरच्या ताई असतील तिशीच्या. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. रुग्णालयात कधी लागलात? मे महिन्यात घरातली माणसं गावाला जातात तेव्हा पगार देतात का? खाडे कापतात का? मी म्हटलं, दोन्ही घरं मेमध्ये बंद असतात आणि बंद घराचा पगार कोण देतंय! रुग्णालयात २०२४च्या जुलैत लागले.

दाखला २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा काढायचा होता. ताईंनी माझं पासबुक उघडलं आणि रुग्णालयाच्या नोंदी एकेक करून बेरजेला घेतल्या. जुलै ते मार्च मिळून ४८,१५०. घरांचे ११ महिन्यांचे ४१,८००. एकूण ८९,९५०. लाखाच्या आत, आणि एकही रुपया लपवलेला नाही. जिची कामं अर्धवेळ आहेत तिचं वर्ष सरळ बारा महिन्यांचं कधीच नसतं, एवढी साधी गोष्ट त्या आधीच्या मुलाला कळली नव्हती किंवा त्याला वेळ नव्हता. स्वयंघोषणापत्रात हाच हिशेब लिहिला, पासबुकाची झेरॉक्स जोडली. तलाठ्याकडून एक प्रश्न आला, त्यालाही हाच कागद दाखवला. दाखला आला. आता पुढे सोडतीत नाव निघतं का नाही, ते तिथलं तिथे.

तेवढ्यावर मी उठणार होते, पण ताईंनी विचारलं, ईएसआय कापतात ना, मग त्यातून कधी काही घेतलंत का? म्हटलं, मागच्या ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. औषधपाणी मिळालं, डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, पण बुडालेल्या रोजाचे पैसे मिळाले नाहीत. सुपरवायझर म्हणाला होता, पार्टटाइमवाल्यांना नसतं ते.

हे साफ चुकीचं आहे, आणि हा परिच्छेद माझ्यासारख्या बायकांनी नीट वाचावा. ज्या ठिकाणी १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत आणि तुमचा पगार महिन्याला २१,००० पर्यंत आहे, तिथे अर्धवेळ काम असलं तरी ईएसआय लागू होतो. आपल्याकडून शंभराला पाऊण रुपया कापतात, मालक सव्वातीन रुपये भरतो. रोज १७६ रुपयांपर्यंत असेल तर आपल्याकडून तेवढंही कापत नाहीत. पण आजारपणाचे पैसे हवेत तर आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ऑक्टोबर ते मार्चचे दिवस पुढच्या जुलै ते डिसेंबरच्या आजारपणाला चालतात, एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस पुढच्या जानेवारी ते जूनला. ताईंनी माझ्याकडून ओटीपी घेऊन ईएसआयच्या पोर्टलवर माझं खातं उघडलं. ऑक्टोबर ते मार्च : ७१ दिवस. सात दिवसांनी गेलं.

आता गंमत बघा. सहामाहीत २६ आठवडे. आठवड्याला तीन दिवस धरले तर २६ त्रिक ७८. म्हणजे माझ्यासारख्या रोजंदारीवालीने सहा महिन्यांत एकही खाडा करायचा नाही. ना पोराचा ताप, ना गावाकडचं वर्षश्राद्ध, ना पावसात बंद पडलेली बस. बरोब्बर काठावर उभं केलेलं आहे, आणि हे मला ठेकेदाराने सांगितलं नाही, सुपरवायझरने नाही, दवाखान्याच्या खिडकीवरही नाही.

ताईंचं पुढचं वाक्य ऐकून मी पिशवी परत खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "मावशी, हे तास मोजत नाहीत, दिवस मोजतात. तीन पूर्ण पाळ्यांऐवजी सहा अर्ध्या पाळ्या मागा. रोज चार तासांची ठरलेली पाळी असली तरी तो एक दिवसच." काम तेवढंच, पैसे तेवढेच, आणि सहामाहीला ७८ च्या जागी १५६ दिवस! दहा-वीस खाडे झाले तरी चिंता नाही.

तोटाही त्यांनीच सांगितला, हे मला जास्त आवडलं. आजारपणाचे पैसे सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात. माझा रोज ४५० वरून २२५ वर आला की आजारी दिवसाचे साधारण १५७ रुपयेच मिळणार. ४५०चे ७० टक्के म्हणजे ३१५, हेही त्यांनी कागदावर करून दाखवलं. शिवाय बसचा खर्च तीन दिवसांऐवजी सहा दिवस. मी म्हटलं, न मिळणाऱ्या ३१५ पेक्षा मिळणारे १५७ बरे. सुपरवायझर आधी तयार नव्हता, अर्ध्या पाळीला दुसरी बाई कुठून आणू म्हणाला. मग माझ्यासोबतची एक जण आहे, तिचेही तीनच दिवस भरतात. आम्ही दोघींनी एक पाळी वाटून घेतली. मी सकाळी, ती दुपारी. जानेवारीपासून तसंच चालू आहे. दुपारी पोळ्यांच्या घरांना उशीर होत नाही, हा फायदा तर मी धरलाच नव्हता.

बाकीची कामं भराभर सांगते. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपी मागत होते. माझे दोघेही नाहीत. ताईंनी मृत्यूचे दाखले घेऊन अंगणवाडी सेविकेकडे पाठवलं, तिथे कागद घेतले. पगारातून ईएसआय कापतात म्हणून लाडकी बहीण बंद होते, असं आमच्या वस्तीत कुणीतरी पसरवलंय, ते काही खरं नाही; तिथे कुटुंबाचं वर्षाचं अडीच लाख बघतात. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड मात्र ताईंनी काढून दिलं नाही. ईएसआय किंवा पीएफवाल्यांना ते नसतं. दुसरीकडे पैसे घेऊन काढून देतील, पण इथे नाही म्हणाल्या.

संजय गांधी निराधारचं विचारलं तर ताई हसल्याच. ईएसआयला महिन्याचे २१,००० चालतात आणि निराधारला वर्षाचे २१,०००. वर्षाचे, म्हणजे महिन्याला १,७५०. माझं पोळ्यांचं एक घर त्याहून जास्त देतं. विधवा बाईने एक घर धरलं की ती निराधार राहिली नाही, असा हा हिशेब. रेशनचंही तसंच. कार्ड केशरी आहे, पण शहरात धान्य मिळायला वर्षाला ५९,००० ची अट, त्यामुळे सासूबाईंच्या नावाचं ते कार्ड आता पत्त्याचा पुरावा म्हणूनच वापरात आहे. यात केंद्राचा दोष नाही, तरी लिहून टाकलं.

आता कापलेला तारा. ताई एकट्याच जाणत्या. त्या जेवायला गेल्या की पुढचा झेरॉक्सवाला मुलगा टेबलावर बसतो आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "मावशी, उत्पन्न किती? मिस्टर काय करतात?" मागे माझ्याच इमारतीतल्या दोघी उभ्या होत्या. गरिबाचा पगार काय भाजीचा भाव आहे का, ओरडून विचारायला? दुसरं, आधारच्या खराब निघालेल्या झेरॉक्स टेबलाखालच्या खोक्यात तशाच पडलेल्या असतात. मी माझी उचलून फाडली, तुम्हीही फाडा. आणि घरेलू कामगार मंडळाची नोंदणी इथे होत नाही. २००८चा कायदा आहे, ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदणीकृत बाईला १०,००० सन्मानधन आहे, हे मला दुसरीकडून कळलं. त्या नोंदणीसाठी जिच्या घरी काम करते तिचं पत्र लागतं. माझी एक बाई लगेच देते म्हणाली, दुसरी अजून 'साहेबांना विचारून सांगते'.

पैसे फलकावर जेवढे लिहिलेत तेवढेच घेतात, पावती न मागता देतात. ईएसआयचा हिशेब समजावला त्याचे काहीच घेतले नाहीत. पासबुक भरून न्या, रुग्णालयात किंवा ऑफिसात काम असेल तर पगाराची स्लिप न्या, आणि ज्या महिन्यात कामं बंद होती ते आठवून जा. ताई साडेदहाला येतात, दीड ते अडीच नसतात. गुरुवारी शक्यतो जाऊ नका, आमच्याकडे दुरुस्तीला वीज बंद ठेवतात आणि त्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही.